आतून उघडणारा तंबू

मुलांनो, बसल्या जागेवरून उठू नका, पण मनातल्या मनात माझ्याबरोबर एक तंबू उभा करा बरं. आधी तळाचं कापड जमिनीवर अंथरा. सुरकुत्या हाताने मोडा. आता दोन लांब, लवचिक काठ्या घ्या आणि कापडावर फुलीसारख्या ठेवा. काठीचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि दोघांनी एकदमच आत ढकलायचं. काठी कमानीसारखी वाकते आणि तंबू कूस बदलून उठतो. सोपं आहे.

पण समजा, दुसरं कुणी नसेलच तर? मग एक टोक कपाटाच्या पायाला टेकवायचं, दुसरं आपण वाकवत आणायचं, आणि ते सटकून कानाशी सपकन आलं तरी ओरडायचं नाही. ओरडून उपयोग नसतो. ऐकायला घरात कोण असतं?

गोगी असाच तंबू उभा करायला शिकली.

गोगी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. तिचे बाबा तिला गोगलगाय म्हणत, कारण ती प्रत्येक कामाला वेळ लावी आणि दप्तर पाठीवरून कधी उतरवीत नसे. त्याचंच पुढे गोगी झालं. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. लांब म्हणजे इतका लांब, की गोगीला बाबांचा चेहरा आठवायच्या आधी आवाज आठवायचा. घरी आईचा एक जुना मोबाईल फडताळावर ठेवलेला असे. त्यातून बाबा यायचे. मागे इंजिनाची घरघर असायची, मध्येच कुणीतरी हॉर्न वाजवायचं आणि बाबा म्हणायचे, "थांब गं, एक शहाणा मागून घाई करतोय."

आई तंबूंच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिथे एक तंबू एक बाई शिवत नाही. तळ शिवणारी वेगळी, छत शिवणारी वेगळी, आणि त्यांची नावंही तशीच पडली होती. तळवाली, छतवाली, खिडकीवाली. गोगीची आई दारवाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती फक्त दारं शिवायची. कारखान्याच्या गावी राहायला यावं लागलं म्हणून तर जुनं घर, जुनी शाळा आणि जुन्या मैत्रिणी सोडून या दोघी इथे आल्या होत्या.

नव्या घराच्या खोल्या दोन. खाली कपडे धुण्याचं दुकान होतं. दुकानाच्या भिंतीतून एक नळकांडं बाहेर आलेलं होतं आणि दुपारभर त्यातून वाफ निघून बाहेरच्या खोलीच्या खिडकीवरून जायची. वाफेला साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास. शाळेतून आलं की गोगी खिडकीशी बसून ती वाफ बघायची. नव्या शाळेत तिच्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. कुणी भांडलं होतं असं नाही हं. वर्गातली मुलं दोन दोन बसली की एकजण उरायचं, आणि जी शेवटी आली ती उरली. एवढंच. पण एवढंच रोज झालं की फार होतं.

तर हा तंबू घरी कसा आला ते सांगतो.

तंबू उलटा शिवतात. आतली बाजू वर ठेवून सगळ्या शिवणी मारायच्या आणि शेवटी उशीच्या खोळीसारखा पलटायचा. त्यामुळे शिवताना जी बाजू डोळ्यांसमोर असते, ती पुढे आत जाते. दाराची चेन वरखाली करतो तो धातूचा तुकडा, त्याला शिवणकामात रनर म्हणतात. तंबूच्या रनरला दोन पट्ट्या असतात. एक बाहेरून ओढायला, एक आतून. पण त्याच कारखान्यात तंबू भरायच्या पिशव्याही शिवत, आणि पिशवीच्या रनरला पट्टी एकच. मागून तो गुळगुळीत. एक दिवस आईने चुकून पिशवीचा रनर तंबूच्या दाराला ओवला. पट्टी डोळ्यांसमोर होती, म्हणून तिला काही वावगं वाटलं नाही. तंबू पलटला आणि पट्टी गेली आत. बाहेर उरला गुळगुळीत धातू, ज्याच्यावरून नखसुद्धा घसरतं.

"वा, दारवाले!" मुकादम म्हणाला. "आत गेलेल्या माणसाने उघडलं तर उघडणार. गिऱ्हाइकाने काय दार ठोठावायचं? घेऊन जा घरी. दुकानात ठेवला तर लोक हसतील."

आईने तो घडी करून काखेत मारून घरी आणला. रनर बदलणं तिच्या हातचा मळ, पण कारखान्यात रोज जादा काम, आणि घरी आल्यावर तिला सुई डोळ्यांसमोर नको असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तंबू पलंगाखाली गेला.

गोगीने फोनवर बाबांना ती गंमत सांगितली. बाबा इतके हसले की घरघरसुद्धा ऐकू येईना.

"म्हणजे एकाने कायम आत बसायचं, आणि दुसरा बाहेरून आला की उघडायचं! आपल्या घरासारखंच झालं की गं." मग ते म्हणाले, "गोगलगाय, तुझ्या सुट्टीत जाऊ या का आपण? मी जातो ना, त्या रस्त्याला डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान लागतं. मोठं तळं आहे. तळ्याकाठी तंबू लावायची जागा आहे. रस्त्यावरून रंगीत टिकल्यांसारखे दिसतात तंबू. मला रोज वाटतं, गाडी लावावी आणि जाऊन बसावं."

"खरंच जायचं?"

"मग! तू तयारी कर. मी गाडी उभी केली की आलोच."

त्या दिवसापासून गोगीच्या दुपारी भरल्या. तिने पलंगाखालचा तंबू काढला आणि बाहेरच्या खोलीत, आईचं शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामध्ये उभा करायला शिकली. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत. म्हणून एक दोरी मशीनच्या पायाला, एक कपाटाच्या, एक खिडकीच्या गजाला आणि चौथी पाण्याने भरलेल्या बादलीला. मग आत दोन अंथरुणं. एक तिचं, छोटं. एक बाबांचं, लांब. बाबा किती लांब आहेत हे तिला नीट आठवेना, म्हणून तिने दाराच्या चौकटीशी उभं राहून अंदाज घेतला. चौकटीत शिरताना ते नेहमी मान वाकवायचे. तेवढं लांब अंथरूण.

तंबूत राहायचं म्हणजे काय काय लागेल, याचा ती खोलीतच अभ्यास करायची. उद्यानात शेकोटी पेटवायला बंदी असते हे तिने वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. म्हणून छोटी शेगडी. डोंगरात पहाटे थंडी पडते. म्हणून बाबांचे जाड मोजे, कपाटाच्या तळातून शोधून काढलेले, त्यांच्या उशाशी. खिडकीवरून वाफ गेली की ती म्हणायची, "बाबा, ढग आला. दोऱ्या बघा." मग स्वतःच उठून दोऱ्या बघायची.

उद्यानाच्या कार्यालयाला फोनही तिनेच केला. पलीकडे एक वनरक्षक बाई होत्या. आवाज घोगरा, पण ऐकून घेणारा.

"किती माणसं?"

"दोन. मी आणि बाबा."

"तंबू आमचा हवा की तुमचा?"

"आमचा. आईने शिवलाय. म्हणजे फक्त दार शिवलंय. आणि ते बाहेरून उघडत नाही."

"म्हणजे?"

गोगीने सगळं समजावून सांगितलं. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. बहुतेक तोंडावर हात धरून हसत असाव्यात.

"हे बघ बाळ," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नियम आहे. तंबू सोडून जाताना दार बंद पाहिजे. कोल्हे फार लबाड आहेत इथले. मागच्या उन्हाळ्यात एका साहेबांचा बूट नेला. एकच. दोन्ही नेले असते तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला घालायला हवे होते. तेव्हा तुमच्या तंबूत कुणीतरी कायम आत बसावं लागणार."

"बसेन मी. मला सवय आहे."

बाई पुन्हा गप्प झाल्या. या वेळी हसण्यासाठी नसावं.

"बरं. तळ्याजवळची एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवते. पण मुलाबरोबर येणाऱ्या मोठ्या माणसाने येणार म्हणून स्वतः सांगायला हवं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बाबांना फोन करायला सांग. नाही आला तर मीच या नंबरवर विचारीन. त्यानंतर मात्र जागा दुसऱ्याला द्यावी लागेल हं."

संध्याकाळी आई घरी आली. रोजच्यासारखी खांदे चोळत. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही हे बघून बादलीवरून उडी मारून आली आणि खुर्चीत बसली.

"आमच्या नशिबी इथेही तंबूच," ती म्हणाली. "दिवसभर तंबू, घरी आलं तरी तंबू."

गोगीने जेवता जेवता तळ्याचं, कोल्ह्याचं आणि बुटाचं सगळं सांगितलं. आई हसली. मग म्हणाली, "बाबांनी नक्की तारीख सांगितली आहे का?"

"सुट्टीत म्हणालेत."

"त्यांना काय, ट्रकमध्ये बसून म्हणायचं. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागतं का?"

"तू असंच बोलतेस नेहमी!"

 ताटातला बटाटा आईने उगीच दोनदा कुस्करला. "आणि दार बंद राहिलं पाहिजे, असं म्हणाल्या का त्या बाई?"

"हो. पण मी आत बसणार आहे."

"तू आत बसणार, मग तळं कोण बघणार?"

 गोगी पाणी प्यायली. तू येतेस का, असं तिने आईला विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते तिच्या मनातच आलं नाही. बाबा म्हणजे जाणं आणि आई म्हणजे घर, अशी तिच्या डोक्यात वाटणी झालेली होती. कुणी केली होती कोण जाणे.

गुरुवार आला. गोगी शाळेतून धावत आली, तर फोन वाजतच होता.

"गोगलगाय," बाबा म्हणाले, "ऐक ना."

बाबा आनंदात असले की 'ऐक' म्हणायचे. 'ऐक ना' म्हणाले की पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं.

"एक नवीन फेरी आली आहे गं. उत्तरेकडची. मी घेतली नाही तर दुसरा कुणीतरी घेऊन टाकेल, मग पुढच्या फेऱ्याही त्यालाच. तुझी सुट्टी संपेस्तोवर काही मला वळता यायचं नाही. पुढच्या सुट्टीत मात्र शंभर टक्के! रागावलीस?"

"नाही."

"अगं, बोल की काहीतरी."

"थंडी पडते का तिकडे?"

"इथे? हो, पडते की. का?"

"काही नाही. तुमचे मोजे इकडेच आहेत."

पलीकडे कुणीतरी हॉर्न वाजवला. बाबा म्हणाले, "थांब गं," आणि मग फोन बंदच झाला.

गोगीने फोन फडताळावर ठेवला. खिडकीवरून वाफ गेली. ती तंबूत शिरली, चेन खालपर्यंत ओढली आणि आपल्या अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन बसली. दप्तर पाठीवरच होतं. गोगलगाय अन् पोटात पाय, असं आपण लबाड माणसाला म्हणतो. पण गोगलगाय पाय पोटात घेते ते लबाडीने नव्हे. बाहेर काही लागलं म्हणून घेते.

आत सगळं नारिंगी दिसत होतं. शेजारचं लांब अंथरूण रिकामं होतं. ती त्याच्याकडे पाठ करून बसली. खाली दुकानात कुणीतरी शीळ घालत इस्त्री आपटत होतं. शाळेतली मुलं आता खेळत असतील. बाबा वळणावर असतील. जगातला प्रत्येकजण कुणाबरोबर तरी होता, आणि त्यातल्या एकालाही ती कुठे आहे हे माहीत नव्हतं.

कुलूप उघडल्याचा आवाज आला, तेव्हा तंबूतला नारिंगी रंग विटकरी झाला होता.

"गोगी?" आई म्हणाली. "आज दिवा नाही लावलास?"

आत गोगीने पाय आणखी जवळ ओढले.

आईची पावलं तंबूपाशी आली. दाराच्या कापडावर तिची सावली पडली. तिने रनर चाचपला, नखाने ओढून पाहिला. नख घसरलं.

"उघड गं."

"नको."

"बाबांचा फोन आला होता?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. आईला तेवढं पुरलं. ती बाहेर फरशीवरच बसली. तिच्या गुडघ्याचा फुगवटा कापडातून आत आला.

"माझ्या पर्समध्ये टाके उसवायची सुरी आहे," ती म्हणाली. "हे दार मी एका दमात उसवू शकते. दारवाली आहे मी."

"मग उसव!"

"नाही उसवणार."

 मग दाराच्या खालच्या कडेतून, जिथे चेन संपते तिथल्या फटीतून, दोन बोटं आत आली. बोटांत काहीतरी चकाकत होतं. गोगीने ते घेतलं. नवा रनर होता. दोन पट्ट्यांचा.

"मुकादमाकडून आज मागून घेतला," आई म्हणाली. "म्हटलं, बाबांबरोबर जायची आहेस, तर तुला तळं दिसलं पाहिजे. नुसती राखण करत बसायला कशाला एवढं लांब जायचं?"

गोगीने रनर मुठीत धरला. धातू आईच्या हाताने कोमट झाला होता.

"मग पहिल्यांदाच का नाही नीट लावलास?" ती फणकाऱ्याने म्हणाली. खरं तर तिला रागवायचं होतं बाबांवर, पण बाबा हाताशी नव्हते. तुमचंही होतं ना असं?

बाहेरून आईचं बोट दाराच्या शिवणीवरून फिरलं.

"तो तुझा नव्या शाळेतला पहिला दिवस होता," ती म्हणाली. "तुला फाटकाशी सोडलं. तू आत गेलीस आणि मैदानात उभी राहिलीस. सगळी पोरं इकडून तिकडे पळत होती आणि तू मध्ये, दप्तर घट्ट धरून."

"तू तर गेली होतीस."

"कोपऱ्यावर होते. घंटा होईपर्यंत. मग कामावर उशिरा पोचले, मशीनवर बसले, पण डोळ्यांसमोरून ते मैदान जाईना. कुठल्या डब्यात हात घातला, काय ओवलं, काही कळलं नाही बघ. एवढ्या वर्षांच्या शिवणकामात माझं असं कधी चुकलं नव्हतं."

गोगीने अंधूक उजेडात दाराकडे पाहिलं. शिवण सरळ होती, रेघेसारखी. फक्त तो एक तुकडा चुकीचा.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू कधी तंबूत झोपली आहेस?"

"मी? कधी झोपणार! आतून कसा दिसतो तेसुद्धा माहीत नाही मला. आमच्या टेबलावर तो कायम उलटा. कसं आहे आत?"

"नारिंगी होतं. आता नाहीये."

तेवढ्यात फडताळावरचा फोन वाजला. आई उठली. बादलीला पाय लागून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला.

"हॅलो... हो, तिची आई बोलतेय... अच्छा, उद्यानातून का? ... नाही हो, त्यांचं नाही जमत आता... हो, कळतंय मला. तुम्ही तरी किती दिवस जागा धरून ठेवणार..." आई थांबली. मग तिचा आवाज दाराजवळ आला. "गोगी, बाई विचारतायत, बरोबर मोठं माणूस कुणी आहे का? नाहीतर जागा देऊन टाकतायत."

गोगीने मुठीतला रनर उलटसुलट फिरवला.

"मुकादम सुट्टी द्यायला कुरकुर करेल," आई म्हणाली. हे बाईंना होतं की गोगीला, ते कळलं नाही. "आणि मला डोंगर चढायची सवय नाही. मी आले तर तुझ्या बाबांसारख्या गप्पाही नाही येत मला. तरी तू म्हणशील तसं. सांग, काय सांगू त्यांना?"

फोनमधून घोगरा आवाज ऐकू येत होता, "हॅलो? आहात ना?"

गोगीने चेनची पट्टी धरली आणि वर ओढली. मनगट जाईल एवढीच. त्यातून हात बाहेर काढला. आईने हातावर फोन ठेवला.

"मी गोगी बोलतेय," ती म्हणाली. "मोठं माणूस आहे. माझी आई. दार तिनेच शिवलंय, आणि आता ते दोन्हीकडून उघडणार आहे."

मग तिने चेन पूर्ण वर ओढली. आई वाकून, चाचपडत आत आली, आधी डोकं, मग खांदे, आणि काळोखात कुठे बसावं ते न कळून जागीच घुटमळली. गोगीने तिचा हात धरून तिला लांब अंथरुणावर निजवलं. आईचे पाय त्या अंथरुणाच्या टोकाच्या बऱ्याच अलीकडे संपले. पायांपलीकडे बाबांच्या वाटचं अंथरूण तसंच सपाट पसरलेलं राहिलं.

गोगी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दप्तर पाठीवरून काढून त्या रिकाम्या जागेत ठेवलं, उशाजवळचे जाड मोजे घेतले, आणि आईच्या पायांत एकेक करून घातले.